सुटून आलेला मनुष्य पुन्हां तुरुंगांत कां जातो?

उपदेशक व शिक्षक बंधूंस गांवोगांव एक तक्रार ऐकावी लागते. एखादा मनुष्य चोरी करितो, पकडला जातो, वर्ष-सहा महिने तुरुंगांत काढून घरीं येतो, आणि दुसरी दिवाळी येण्यापूर्वीं बेड्या घालून त्याच रस्त्यानें पुन्हां नेला जातो. तेव्हां पारावर बसलेली मंडळी म्हणते, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाहीं." म्हण जुनी आहे, परंतु ती या बाबतींत खरी आहे काय, याचा विचार आम्ही आज वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

पुष्कळांचें मत असें कीं, शिक्षा सौम्य असते म्हणून असें होतें. ती कडक करावी, म्हणजे दहशत बसेल. या मताची परीक्षा फार पूर्वींच झाली आहे. इंग्लंडांत अठराव्या शतकांत खिसा कापण्याबद्दल फांशी देतां येत असे. तो कायदा १८०८ सालीं बदलला. तोंवर फांशीचा खांब उभा असूनही खिसेकापू कांहीं नाहींसे झाले नाहींत. इटलींतील बेकारिया नांवाच्या विद्वानानें १७६४ सालीं आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, मनुष्यास आवरतें तें शिक्षेचें क्रौर्य नव्हे, तर आपण सांपडणारच ही खात्री. आणि खरोखर, चोर कुलूप तोडतांना सजेचीं वर्षें मोजीत बसत नाहीं. कोणी पाहत तर नाहीं ना, एवढेंच तो पाहतो.

आतां तुरुंगांत व तुरुंगाबाहेर काय घडतें तें पाहूं. समजा, एका तरुण मजुरानें दारूच्या भरांत मालकाच्या खळ्यांतून दोन पोतीं ज्वारी नेली. तो धरला गेला. जामीन राहण्यास कोणी पुढें आलें नाहीं, म्हणून निकाल लागेपर्यंतच तो कित्येक महिने कच्चा कैदी होऊन राहिला. (ही गोष्ट विरळा नव्हे. २०२२ सालच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें भारतांतील तुरुंगांत असलेल्या दर चार माणसांपैकीं सुमारें तीन माणसें निकाल न लागलेलींच होतीं.) इकडे बायकोनें वकिलाच्या फीसाठीं गळ्यांतलें डोरलें गहाण ठेविलें, शेळी विकली, वर सावकाराचे रुपये व्याजानें काढिले. थोरला मुलगा शाळा सोडून ऊंसतोडीस गेला. आंत त्या मजुरानें कधीं उठावें, कधीं जेवावें, कधीं निजावें, हें सर्व घंटा ठरवी. स्वतः विचार करून चार पैसे कमवावे व जपून खर्चावे, ही मूळचीच कच्ची संवय पार मोडली. शेजारीं निजणारा जुना घरफोड्या मात्र रोज रात्रीं त्याचा मास्तर झाला. कोणता सोनार चोरीचा दागिना वितळवून देतो, कोणत्या रस्त्यावर पहारा नसतो, हें ज्ञान त्यास फुकट मिळालें.

मग सुटकेचा दिवस येतो. गांवीं कर्ज वाढलेलें आहे. मालक कामास घेत नाहीं. विहिरीवर बायका त्याच्या बायकोस टोमणे मारितात. गांवांत कोणाची कोंबडी नाहींशी झाली कीं पहिला संशय त्याच्यावर. अशा वेळीं त्यास "ये, बस, चहा घे," असें म्हणणारा जर कोणी असेल, तर तो तुरुंगांतील जुना सोबतीच होय. तो पुन्हां चोरीस लागला, यांत नवल तें काय? निर्ढावलेले लोक नसतात असें आमचें म्हणणें नाहीं. असतात, आणि त्यांस दीर्घकाळ कोंडावेंही लागतें. परंतु ज्यास खोड म्हणतात ती पुष्कळ वेळां खोड नसून अडचण असते.

खोड जन्माचीच असते, असें एकदां सरकारनेंच मानिलें होतें. १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारिला. पुढें सोलापुरासारख्या ठिकाणीं त्यांच्यासाठीं वसाहती झाल्या, व तेथें हजेरी देणें भाग असे. इतर प्रांतांत मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनींही अशा वसाहती चालविल्या, ही गोष्ट आम्ही लपवूं नये. काम व शाळा देण्याचा हेतु चांगला होता. पण पाळण्यांतल्या मुलास चोर ठरविणारा कायदा चांगला होऊं शकत नाहीं. तो १९५२ सालीं रद्द झाला. त्या लोकांस आतां विमुक्त म्हणतात. कायदा गेला, तरी कित्येक गांवच्या लोकांच्या मनांतून तो अद्याप गेलेला नाहीं.

याउलट एका साध्या कारागिराची गोष्ट ऐका. अमेरिकेंत बोस्टन शहरीं जॉन ऑगस्टस नांवाचा जोडे शिवणारा गृहस्थ होता. १८४१ सालीं तो कोर्टांत बसला असतां एका दारुड्यास आणण्यांत आलें. ऑगस्टसनें त्याच्याशीं दोन शब्द बोलून पाहिलें, व आपण जामीन राहतों असें न्यायाधीशास सांगितलें. तीन आठवड्यांनीं तो मनुष्य शुद्धीवर, नीटनेटका असा कोर्टापुढें उभा राहिला, तेव्हां न्यायाधीशानें त्यास एक सेंट दंड व खर्च एवढीच शिक्षा केली. त्यानंतर सुमारें अठरा वर्षें, म्हणजे १८५९ सालीं मरेपर्यंत, ऑगस्टसनें हेंच काम केलें, आणि सुमारें एकोणीसशें माणसांचा तो जामीन राहिला. तो डोळे मिटून जामीन राहत नसे. मनुष्याची आधीं चौकशी करी, बहुधा पहिल्याच गुन्ह्याचा मनुष्य घेई, त्यास काम व राहावयास जागा पाहून देई, आणि कोर्टास वेळोवेळीं कळवी. या उद्योगांत त्याचा स्वतःचा धंदा मागें पडला.

हीच रीत पुढें अनेक देशांच्या कायद्यांत आली. आपल्या देशांत १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे. त्याप्रमाणें योग्य प्रसंगीं न्यायाधीश गुन्हेगारास तुरुंगांत न धाडतां चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडूं शकतो, व त्यास परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं ठेवूं शकतो. एकवीस वर्षांखालील मुलास तर, गुन्हा जन्मठेपेइतका भारी नसेल तर, कैद देण्यापूर्वीं तिची गरज कां आहे हें न्यायाधीशास लिहावें लागतें. खेड्यांतल्या किती आईबापांस हें ठाऊक आहे? उपदेशकानें तें त्यांस सांगावें, आणि तालुक्याच्या कोर्टांत गरिबांस फुकट वकील मिळण्याची सोय असते हेंही सांगावें. म्हणजे डोरलें गहाण पडणार नाहीं.

ज्यांस मोठी शिक्षा झाली आहे अशांविषयींचें उदाहरण आपल्याच मुलुखांत आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांच्या राज्यांत, आटपाडीजवळ, १९३९ सालीं स्वतंत्रपूर नांवाची कैद्यांची वसाहत स्थापन झाली. ही कल्पना पोलंडांत जन्मलेले एंजिनियर मॉरिस फ्रिडमन यांची. तेथें उंच भिंत नाहीं. कैद्यानें शेत कसावें, आणि त्याचीं बायकामुलें त्याच्याजवळ राहावीं, अशी व्यवस्था. पुढें याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकर यांनीं कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट काढिला. आटपाडीचा मुलूख पावसानें रुसलेला. तेथें पीक काढणें सोपें नव्हे. परंतु ज्या मनुष्यास सकाळीं उठून आपल्या मोटेची, बियाण्याची, मुलाच्या पाटीची काळजी वाहावी लागते, त्याची विचार करण्याची संवय मोडत नाहीं, हें या व्यवस्थेचें मर्म आम्हांस वाटतें. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. वसाहत मात्र राहिली.

आतां मंडळीनें काय करावें? प्रथम ज्याचें नुकसान झालें त्याचा विचार करावा. ज्याची ज्वारी गेली तो बिचारा एका कोपऱ्यांत, आणि चोराचें मात्र स्वागत, असें झाल्यास गांव दुखावेल, आणि तें योग्यच होईल. सुटून आलेल्या मनुष्यानें पंचांसमक्ष अपराध कबूल करावा, व हप्त्यानें कां होईना, भरपाई द्यावी. फिलेमोनाच्या पत्रांत पौलानें अनेसिमाची रदबदली केली, तेव्हां त्याचें कांहीं देणें असल्यास तें आपल्या नांवावर मांडण्यास सांगितलें, हें वाचकांस स्मरत असेल. त्यास लगेच मंडळीची पेटी सांभाळावयास द्यावी, असें आम्ही सांगत नाहीं. त्यांत शहाणपणही नाहीं व दयाही नाहीं. त्यास पहिल्याच आठवड्यांत रोजगार द्यावा, रेशनकार्डावर त्याचें नांव राहिलें आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि दारूच्या गुत्त्याच्या वाटेवर संध्याकाळीं कोणी तरी त्याच्याबरोबर चालावें.

आणि सुटकेची वाट पाहूं नये. महाराष्ट्रांत शिक्षा भोगणाऱ्या कैद्यास नियमाप्रमाणें संचित रजा मिळूं शकते, म्हणजे ठराविक दिवस घरीं येतां येतें. त्यासाठीं पोलीस गांवीं चौकशी करितात, आणि नातलगांपैकीं कोणी तरी हमी द्यावी लागते. चौकशीच्या दिवशीं "तो नकोच," असें सारें गांव म्हणूं लागलें, तर रजा मिळणें कठीण होतें. त्या दिवशीं उपदेशकानें पाटलाच्या ओट्यावर हजर असावें.