परदेशची वैद्यकीय पदवी : एक हिशेब

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एम. डी. झाल्या. आज ग्वाल्हेरच्या मुलामुलींस गावातच, १९४६ साली स्थापन झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे; तथापि जागा मर्यादित असल्याने कित्येक पालक परदेशाकडे वळतात.

हुंडी वटेल की नाही हे पाहिल्याविना आपण व्यापारी ती स्वीकारीत नाही. पदवीसही हाच न्याय लावावा. भारतात वैद्यकी करावयाची असल्यास मुख्य अटी अशा :

(१) जाण्यापूर्वी 'नीट' उत्तीर्ण असावे.

(२) राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा व किमान ५४ महिन्यांचा असावा. शिवाय त्याच संस्थेत १२ महिने रुग्णालयात उमेदवारी करावी. हे सर्व प्रवेशापासून १० वर्षांत पुरे व्हावे.

(३) त्या देशाच्या नागरिकांप्रमाणेच तेथे वैद्यकी करण्याचा परवाना त्या पदवीवर मिळावा.

(४) स्वदेशी परतल्यावर पात्रता-परीक्षा व १२ महिन्यांची उमेदवारी करावी.

फिलिपाइन्सचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे आधी जीवशास्त्रासारख्या विषयाची पदवी व मग चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण असा क्रम होता. आधीची वर्षे आयोगाने जमेस धरली नाहीत. उरले ४८ महिने; तूट सहा महिन्यांची! तेवढ्या तुटीने पदवीची मान्यताच अडली.

म्हणून शुल्क भरण्यापूर्वी दलालाच्या तोंडी शब्दावर न विसंबता संस्थेकडून प्रत्येक अटीचे लेखी उत्तर मागवावे. गेलेला पैसा पुन्हा मिळविता येतो. मुलांची गेलेली वर्षे मात्र जमेच्या बाजूस कधीच येत नाहीत.