चोचीतला तुकडा

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतात. त्यांत कुरर नावाचा पक्षी आहे. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. तुकडा टाकला आणि तो सुखी झाला.

हे मी कितीदा वाचले! पण वडिलांच्या घरातल्या एका खोलीपायी धाकट्या भावाशी ६ वर्षे अबोला धरला, तो तुकडा काही दिसला नाही. गेल्या दत्तजयंतीच्या सप्ताहात स्वतःलाच विचारले, "बाबा रे, तुला खोली हवी की भाऊ?" उत्तर आत होतेच.

फोन केला. "खोली तूच घे."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "दादा, प्रसादाला येऊ का?"

भक्तहो, आपणही एकदा आपली चोच तपासून पाहावी.

श्रीगुरुदेव दत्त!