केसाच्या मुळाशी परीक्षानळी

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही साताऱ्याहून चंदीगडला आलो. माझ्या हनुवटीवर सात-आठ राठ केस आहेत, त्यातले तीन पांढरे. ‘पांढऱ्यावर लेझर चालत नाही, इलेक्ट्रोलिसिस करा, कायमचे जातील,’ असं इथे सांगितलं. शाळेत बाईंनी पाण्याचं इलेक्ट्रोलिसिस करून दाखवलं होतं. हे तेच का? आणि ‘कायमचे’ म्हणजे खरंच कायमचे?
– एक वाचक, सेक्टर 35, चंदीगड

उत्तर : हो, तेच. बाईंनी पाण्यात दोन तारा सोडल्या होत्या. इथे त्यातली एक तार म्हणजे केसाइतकी बारीक सुई. ती कातडीत टोचत नाहीत, केस ज्या भोकातून वर आलाय त्यातूनच अलगद मुळापर्यंत सरकवतात. ही ऋण बाजू. धन बाजूची दांडी तुमच्या मुठीत. केसाच्या मुळाशी ओलावा आणि मीठ असतंच. तिथे अगदी क्षीण वीज काही सेकंद सोडली की पाण्याचं विघटन होतं, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, तयार होतो. केसांनी मोरी तुंबली की आपण जी पावडर टाकतो, तिच्यातलाच हा. तो तयार होतो अगदी कणभर, पण केस घडवणाऱ्या पेशी मारायला तेवढा पुरतो. या पद्धतीत मूळ भाजत नाही, विरघळतं. (उष्णतेने मूळ जाळण्याची आणि दोन्ही एकत्र वापरण्याचीही पद्धत आहे, बोलीत तिन्हींना इलेक्ट्रोलिसिसच म्हणतात.)

केसातला काळा रंग लेझरचा प्रकाश शोषून घेतो. पांढऱ्या केसात तो रंगच नाही. कॉस्टिक सोड्याला मात्र काळं-पांढरं सारखंच.

याची सुरुवात सौंदर्यासाठी झालीच नाही. 1875 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुई इथले नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी आत वळून बुबुळाला टोचणाऱ्या पापणीच्या केसांवर ही युक्ती वापरली. खुपऱ्यांमुळे पापण्या अशा आत वळतात. तुमच्या पंजाबात एकेकाळी खुपऱ्यांचा फार सुळसुळाट होता. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून त्या हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं ते 2024 मध्ये.

आता ‘कायमचे’. नीट मेलेल्या मुळातून केस पुन्हा येत नाही. अमेरिकेचं औषध प्रशासनही इलेक्ट्रोलिसिसला ‘कायमचं निर्मूलन’ म्हणतं, लेझरला फक्त ‘कायमची घट’. पण हा शब्द त्या एका मुळापुरता आहे, अख्ख्या हनुवटीपुरता नाही. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग गळतो आणि मूळ विश्रांती घेतं. आज झोपलेलं मूळ दोन महिन्यांनी जागं होईल, तेव्हा पुन्हा जावं लागेल. सुई वाढत्या केसावर सगळ्यात चांगली लागू पडते. म्हणून सात-आठ केसांसाठीसुद्धा वर्षभराच्या फेऱ्या धरून चला. मधल्या काळात केस उपटू नका. उपटला तर सुईला वाट दाखवायला केसच उरत नाही. कात्रीने कापलेले चालतात.

केस अचानक वाढले असतील किंवा पाळी अनियमित असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. पीजीआय रुग्णालय तुमच्या गावातच आहे. कारण संप्रेरकांत असेल, तर इथलं मूळ मेलं तरी शेजारची लव राठ होत राहील. पेसमेकर असेल तर हा उपचार नको. आपल्या सावळ्या कातडीवर डाग राहू शकतात, तेव्हा आधी दोन-तीन केसांवरच करून बघा, आणि सुई नवी, तुमच्यासमोर फोडलेली हवी.

काम नीट झालं का, हे कळायला यंत्र लागत नाही. वीज सोडल्यावर चिमट्याने केस धरतात, तो लोण्यातून निघावा तसा सुटून आला पाहिजे. ओढ जाणवली, तर त्यांनी तो नुसता उपटला. पैसे तेवढे इलेक्ट्रोलिसिसचे घेतले.