वधू कोण?

पनवेल येथे बेने इस्राएल लोकांचे सन १८४९ मधील बेथ एल सभास्थान आहे. शुक्रवारी सायंकाळी यहूदी लोक शब्बाथास वधू समजून गीताने त्याचे स्वागत करितात. ही उपमा आपणांसही त्यांच्याच शास्त्रातून मिळाली. होशेयाने इस्राएलास परमेश्वराची पत्नी म्हटले, आणि तीही अविश्वासू! पौलाने तीच उपमा मंडळीस लाविली (इफिस. ५:२५-२७).

आपल्या रीतीकडे पाहता येथे नवल वाटते. आपल्याकडे वधूपिता हुंडा देतो. सन १९६१ च्या कायद्याने मनाई झाली तरी ख्रिस्ती घरांतूनही तो मागितला जातो. ख्रिस्ताने काही मागितले नाही. वधू मलिन असतानाच त्याने तिच्याकरिता स्वतःस दिले, व तिला धुऊन शुद्ध करण्याचे कामही आपणच पत्करिले. तिचे शुभ्र तागाचे वस्त्रसुद्धा तिला दिलेलेच आहे (प्रकटी. १९:८).

शिवाय वधू एकच आहे. पौल कोणा एका भाविकास नव्हे, तर करिंथ येथील त्या भांडखोर मंडळीस, सर्वांस मिळून, वाग्दत्त कुमारी म्हणतो (२ करिंथ. ११:२). तेव्हा पूर्वीची जात मनात धरून प्रभुभोजनास वेगळे बसणाऱ्यांस आम्ही विचारितो: वर येईल तो कोणत्या रांगेकडे येईल?