तुटलेल्या झाडांचा हिशेब

चिखलोली हे अंबरनाथ आणि बदलापूर या दोन वाढत्या शहरांच्या मधले गाव. अशा ठिकाणी झाडोरा जाऊन इमारत आली, तर हवेत किती कार्बन डायऑक्साइड जातो? हिशेब वाटतो तितका अवघड नाही.

समजा, एका एकरावरील झाडांचे सुके वजन 20 टन आहे. ते झाड न तोडताही काढता येते. जमिनीपासून 1.37 मीटरवर खोडाचा घेर मोजायचा आणि त्या जातीच्या सूत्रात घालायचा. टेप धरायला वाडीतलाच माणूस बरा. साग, ऐन, पळस त्याला लांबूनही ओळखू येतात. सुक्या वजनाचा सुमारे 0.47 भाग कार्बन असतो, म्हणजे 9.4 टन. त्याला 44 ने गुणून 12 ने भागले, की सुमारे साडेचौतीस टन कार्बन डायऑक्साइड. मुळे, पालापाचोळा आणि माती यांतला कार्बन वेगळा धरावा लागतो. लाकडाचे दार झाले, तर तेवढा कार्बन दारातच राहतो.

आता राबाचे बघा. आपले कातकरी-ठाकूर बांधव फांद्या छाटून जाळतात; धूर दिसतो, म्हणून बोट लगेच त्यांच्याकडे जाते. पण झाड उभेच असते. नव्या फांद्या फुटतात, गेलेला कार्बन पुन्हा ओढून घेतात. काँक्रीटखाली गेलेल्या जमिनीला ही जमेची बाजूच नाही. दोन्ही एकाच रकान्यात लिहिणे म्हणजे खोटा हिशेब.

2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दाव्यासाठी हद्द फिराल, तेव्हा टेप आणि वही सोबत घ्या. झाडांची जात आणि घेर तिथेच लिहा.