सामाईक जाते

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात हसनाबाद हे गाव आहे. मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे येथेही पूर्वी पहाटे घरोघरी जात्याची घरघर चाले आणि तिच्या सोबतीने ओव्या गाइल्या जात. एखादी ओवी प्रथम कोणी रचली, हे कोणास ठाऊक नसे. आई ती लेकीला देई. लेक तीत आपले चार शब्द घाली आणि सासरी शेजारणीस शिकवी. ओवीवर कोणाची मालकी नव्हती. म्हणूनच ती वाढत गेली. हेमा राईरकर व त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या.

संगणकाच्या जगातही असाच एक सामाईक ठेवा आहे. संगणकाने काम कसे करावे, हे सांगणाऱ्या सूचनांच्या संचास सॉफ्टवेअर म्हणतात. पुष्कळदा त्या सूचना जणू कुलपात ठेवलेल्या असतात. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनी कुलूप नसलेले सॉफ्टवेअर तयार करण्याचा संकल्प जाहीर केला. ते कोणीही वापरावे, वाचून पाहावे, सुधारावे आणि इतरांस द्यावे. यालाच मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात.

पण या नव्या जात्यापाशी स्त्रिया फारच थोड्या दिसत. २००६ साली ‘ग्नोम’ या मुक्त प्रकल्पाकडे विद्यार्थ्यांच्या उन्हाळी कामासाठी १८१ अर्ज आले. त्यांत मुलीचा एकही नव्हता. ‘मुलींना याची आवडच नाही,’ असे म्हणून चालकांना स्वस्थ बसता आले असते. त्यांनी खास मुलींसाठी काही जागा ठेवून निमंत्रण धाडले. तेव्हा शंभराहून अधिक अर्ज आले! बुद्धी होती, आवडही होती; बोलावणे तेवढे आले नव्हते. याच प्रयत्नातून पुढे ‘आउटरीची’ हा उपक्रम उभा राहिला. त्यात नवशिक्यांना अनुभवी मार्गदर्शक व विद्यावेतन मिळते. आता तो स्त्रियांप्रमाणेच मागे राहिलेल्या इतरांनाही खुला आहे.

स्त्रियांच्या सहभागाने सर्वांचेच हित होते. ग्नोमचे मराठी भाषांतर झालेले आहे. अशा भाषांतरात ‘मी परवलीचा शब्द विसरलो’ एवढेच वाक्य ठेवले, तर मुलीने काय म्हणावे? ही चूक जिला खटकते, ती काम करणाऱ्यांत असली, तर चूक लवकर सुधारते.

या कामात केवळ गणितच लागते असे नाही. शुद्ध मराठी लिहिणे, चुका शोधणे, चित्रे काढणे, माहिती सोपी करून सांगणे, हेही त्याचेच भाग होत. हसनाबादच्या ज्या मुलीच्या आजीने ओवीत चार शब्द घातले, तिलाही या सामाईक ठेव्यात आपले चार शब्द घालता येतील. मात्र जात्यापाशी आधी बसलेल्यांनी थोडे सरकून तिला जागा दिली पाहिजे.

स्वाध्याय

१. ओवी व मुक्त सॉफ्टवेअर यांत कोणते साम्य आहे?
२. २००६ साली प्रथम मुलींचे अर्ज का आले नसावेत?
३. तुमच्या शाळेतील कोणत्या कामात मुलींना किंवा मुलांना बोलावले जात नाही? विचार करून लिहा.