जलद गिअरबदल : कौशल्य, हव्यास आणि धोका

सुरत शहरातून डुमसच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणारा रस्ता रुंद व सरळ आहे. सुटीच्या सायंकाळी या रस्त्यावर वाहनांची रीघ लागते. हिरे व कापड या दोन धंद्यांनी या शहराला संपन्नता दिली आणि संपन्नतेबरोबर वेगवान मोटारीही आल्या. खानदेशातून येऊन उधना, लिंबायत या भागांत स्थायिक झालेल्या हजारो मराठी कुटुंबांतील तरुण मुलेही आज याच रस्त्यांवर वाहन चालविण्यास शिकतात. स्पर्धेतील चालक निमिषार्धात गिअर बदलतो, हे दृश्य त्यांनी पडद्यावर पाहिलेले असते. तसे आपणही करावे, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु त्या कृतीमागील यंत्रशास्त्र ठाऊक नसेल, तर कौशल्य राहते बाजूला आणि धोका मात्र पदरी पडतो.

गिअर कशासाठी?

इंजिनाला ठराविक फेऱ्यांच्या मर्यादेतच पुरेशी शक्ती देता येते. चढावर बैलगाडी हाकणारा शेतकरी बैलांची चाल मंद ठेवतो आणि सपाटीवर त्यांना मोकळे सोडतो. मोटारीत हेच काम गिअरबॉक्स करतो. खालच्या गिअरमध्ये ओढ अधिक व वेग कमी, तर वरच्या गिअरमध्ये वेग अधिक व ओढ कमी असते. इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. पेडल दाबले की दोहोंचा संबंध तुटतो आणि सोडले की घर्षणाने तो पुन्हा जुळतो.

गिअर बदलताना खरी अडचण असते ती फेऱ्या जुळविण्याची. समजा, एखादी मोटार चौथ्या गिअरमध्ये धावत असून तिच्या इंजिनाच्या मिनिटाला २,५०० फेऱ्या होत आहेत. चौथ्या गिअरचे प्रमाण १ आणि तिसऱ्याचे १.३ धरले, तर त्याच वेगाने तिसरा गिअर टाकताच इंजिनाला ३,२५० फेऱ्या घ्याव्या लागतील. हा फरक भरून काढण्यासाठी सिंक्रोमेश ही योजना निघाली. अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत ती १९२८ च्या सुमारास आली. गिअरचे दात एकमेकांत बसण्यापूर्वी एक कडे घर्षणाने दोहोंचा वेग समान करते. या कड्याला आपले काम करण्यास क्षणभर अवधी लागतो. जलद गिअरबदलाच्या हव्यासात नेमका हाच अवधी हिरावून घेतला जातो.

स्पर्धेतील तीन पद्धती

पहिली पद्धत दुहेरी क्लचची. खालचा गिअर टाकताना क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये आणावयाची, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला किंचित ठोकर द्यावयाची आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाकावयाचा. सिंक्रोमेश नसलेल्या जुन्या ट्रकांच्या चालकांना ही पद्धत अंगवळणी पाडून घ्यावीच लागे. ती न साधल्यास गिअरबॉक्समधून करकर ऐकू येई.

दुसरी पद्धत टाच-चवड्याची. वळणापूर्वी चालक उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबतो आणि त्याच पायाच्या टाचेने किंवा कडेने अ‍ॅक्सिलरेटरला स्पर्श करतो. त्यामुळे वेग कमी होत असतानाच इंजिनाच्या फेऱ्या वाढतात आणि खालचा गिअर धक्का न बसता पडतो. या पद्धतीचा मूळ हेतू चाकांना झटका बसू न देणे हा आहे, ही गोष्ट अनुकरण करणारे सहसा विसरतात.

तिसरी पद्धत म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न सोडताच क्लच झटकन दाबून वरचा गिअर टाकणे. तीत वेळ सर्वांत कमी लागतो आणि यंत्राची हानी सर्वांत अधिक होते. क्लच जुळताच इंजिनाची संपूर्ण शक्ती हातोड्याच्या घावासारखी क्लचप्लेट, गिअरचे दात व चाकांकडे जाणारे दांडे यांवर आदळते. स्पर्धेच्या मोटारीचे हे भाग वारंवार उघडून तपासले जातात व बदललेही जातात. घरच्या मोटारीला ही चैन परवडणारी नाही.

धोका कोठे आहे?

पहिला धोका चुकीचा गिअर पडण्याचा. घाईत पाचव्याऐवजी तिसरा गिअर पडला, तर इंजिनाच्या फेऱ्या एकाएकी वाढतात. वरील उदाहरणातील मोटार चौथ्या गिअरमध्ये ५,००० फेऱ्यांवर असेल, तर तिसऱ्यात त्या ६,५०० होतील. हात आणखी चुकून १.९ प्रमाणाचा दुसरा गिअर पडला, तर त्या ९,५०० पर्यंत जातील. सामान्य इंजिन एवढ्या फेऱ्या सोसू शकत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन तोडणारी योजना अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण येथे इंजिनाला चाकेच फिरवीत असतात.

दुसरा धोका चाके घसरण्याचा. फेऱ्या न जुळवता खालचा गिअर टाकून क्लच एकदम सोडला, तर इंजिनाला जोडलेली चाके क्षणार्धात मंदावतात. पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर टायरची पकड त्यामुळे सुटू शकते. मागील चाकांवर चालणारी गाडी अशा वेळी आडवी फिरण्याचा संभव असतो.

तिसरा धोका लक्ष विचलित होण्याचा. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात २० मीटर अंतर कापते. चालकाचे डोळे फेऱ्यांच्या काट्यावर आणि मन गिअरच्या दांडीवर असेल, तर त्या २० मीटरांत रस्ता ओलांडणारे मूल त्याला दिसणार कसे?

आता लाभ पाहू. गिअर बदलण्यात प्रत्येक वेळी अर्धा सेकंद वाचला आणि प्रवासात वीस वेळा गिअर बदलला, तर एकूण बचत दहा सेकंदांची. वाटेतील एकच सिग्नल ती गिळून टाकतो. शिवाय आता यंत्राने मनुष्याच्या हाताला केव्हाच मागे टाकले आहे. १९८९ साली फेरारीने शर्यतीच्या मोटारीत सुकाणूमागील पट्टीने गिअर बदलण्याची योजना आणली. २००३ पासून फोक्सवॅगनने दोन क्लचचा गिअरबॉक्स नेहमीच्या मोटारीत बसविला. या यंत्रांची चपळाई कोणत्याही हाताला साधणारी नाही.

घाटातील खरी कसोटी

सुरतेहून बारडोली, व्यारा, सोनगडमार्गे नवापूर व धुळ्याकडे येणाऱ्या महामार्गावर कोंडाईबारीचा घाट लागतो. खानदेशातील प्रवाशांचा हा नित्याचा मार्ग. गिअरचे खरे महत्त्व येथे कळते. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडण्याची सवय काही चालकांना असते. असे केल्याने इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो आणि सारा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. इंजिनच बंद केले, तर ब्रेकला मिळणारे साहाय्यही लवकरच संपते. आधुनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यास इंधनपुरवठा आपोआप थांबतो, म्हणून न्यूट्रलने होणारी बचतही बव्हंशी भ्रामक ठरते. ज्या गिअरने घाट चढावयाचा त्याच गिअरने तो उतरावयाचा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. आणि तो गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावयाचा असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ अन्वये परवान्याच्या चाचणीत उतारावर खालचा गिअर त्वरेने टाकता येतो किंवा नाही, हे पाहावयाचे असते. म्हणजे त्वरा कायद्यालाही मान्य आहे. परंतु ती वाहन आवरण्यासाठी हवी, पळविण्यासाठी नव्हे. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीविना शर्यत लावणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कर्तव्य कोणाचे?

ज्यांना वेगाची खरी आवड आहे त्यांच्यासाठी चेन्नईजवळील इरुंगाट्टुकोट्टई आणि कोइमतूरजवळील करी मोटार स्पीडवे यांसारखे बंदिस्त मार्ग आहेत. तेथे शिरस्त्राण, प्रशिक्षक व वैद्यकीय साहाय्य यांची सोय असते आणि समोरून कोणीही येत नाही. शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला घर्षण व गती शिकविताना क्लच आणि गिअरचे उदाहरण घ्यावे. प्रशिक्षण शाळांनी सपाट रस्त्यावर समाधान न मानता चढउताराचा सराव द्यावा. पालकांनी मुलाच्या हाती किल्ली देण्यापूर्वी त्याच्याबरोबर काही दिवस प्रवास करून पाहावा.

गिअर केव्हा बदलला हे शेजारी बसलेल्या प्रवाशाला कळूही नये, हीच उत्तम चालकाची ओळख होय. दहा सेकंद उशिरा पोहोचलेल्या माणसाला घरी कोणी जाब विचारीत नाही. घरची माणसे वाट पाहत असतात ती त्याच्या सुखरूप येण्याची.